पाचव्या प्रश्नाचे चार गुण

उत्तर वाचून झालं तरी बाईंचा लाल पेन हवेतच राहिला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. तपासणी केंद्राच्या हॉलमध्ये अठरा टेबलं होती आणि अठरा माना खाली होत्या. कुणाचंच लक्ष नव्हतं. बाईंनी ते पान पुन्हा वरपासून वाचलं.

प्रश्न पाचवा, गुण चार. खोऱ्याच्या युद्धाची कारणे लिहा.

सकाळपासून तपासलेल्या चाळीस पोरांनी तीच चार कारणं घोकून उतरवली होती. शेजारी देशाने खोऱ्यावर सांगितलेला खोटा हक्क. मोडलेला करार. घुसखोरी. आणि भल्या पहाटे आपल्या चौक्यांवर केलेला भ्याड हल्ला. एका कारणाला एक गुण. नुसतं ‘हल्ला’ लिहिलं आणि ‘भ्याड’ राहिलं, तर अर्धा गुण कापायचा, असं छापील सूचनांमध्येच होतं.

ही एकेचाळिसावी उत्तरपत्रिका. अक्षर वळणदार, कुठे खाडाखोड नाही.

‘पहिली गोळी शेजाऱ्यांनी झाडली नाही. माझ्या बाबांनी झाडली. ते पुलाजवळच्या चौकीवर पहाऱ्याला होते. धुक्यात काहीतरी हललं. बाबा घाबरले आणि त्यांनी चाप ओढला. मग पलीकडून गोळ्या सुरू झाल्या. बाबा म्हणतात, सगळं माझ्यामुळे झालं. आई म्हणते, पोरी, हे घराबाहेर बोलायचं नाही. पण परीक्षेत खरं तेच लिहावं असं आमचे सर सांगतात.’

बाईंचा आधी संतापच झाला. एवढंसं पोर आणि लिहितंय काय! बाईंचे यजमान त्याच युद्धातून परत आले होते. ते खोऱ्याच्या पार उत्तरेच्या चौकीवर होते. त्या पहाटे त्यांच्या तुकडीतले सहा जण गेले. यजमान मोठे गप्पिष्ट. युद्धाच्या गोष्टी रंगवून सांगायचे. बर्फात रुतलेलं खेचर, गोठलेली शाई, झोपेत गाणारा सुभेदार. गोष्ट मात्र नेहमी दुसऱ्या दिवसापासून सुरू व्हायची. पहिल्या दिवसाबद्दल बाईंनी कधी विचारलं नाही. सहा माणसं गेलेली, काय विचारायचं?

मग संताप ओसरला आणि भीती वाटू लागली. युद्धाबद्दल वावगं काही आढळलं तर पिवळा फॉर्म भरून ताबडतोब मुख्य परीक्षकांकडे द्यायचा, असा नियम होता. गेल्या वर्षी असा एक फॉर्म वर गेला. आठवड्याच्या आत त्या मुलाच्या दारात जीप उभी राहिली. बापाला घेऊन गेले, तो कुठे आहे हे अजून घरच्यांना कळलेलं नाही. आणि एका बाईंनी फॉर्म भरला नाही, तर फेरतपासणीत ते उघडकीला आलं. त्यांची नोकरी गेली.

बाईंनी फॉर्म ओढला. आसन क्रमांकाचे आकडे एकेक करून उतरवले. उत्तरपत्रिका पदराखाली धरून त्या मुख्य परीक्षकांच्या टेबलाशी गेल्या. सर निवृत्तीला आलेले, चष्मा पुसत बसले होते.

सरांनी उत्तर वाचलं. ते दचकले नाहीत, याचीच बाईंना जास्त धास्ती वाटली.

“बाई, कालपासूनची ही तिसरी,” ते हळूच म्हणाले.

“तिसरी? म्हणजे कॉपी केलीय?”

“कसली कॉपी! तीन पोरं तीन गावांची. एकाचा बाप टेकडीवरच्या चौकीवर होता, दुसऱ्याचा घाटात, हिचा पुलापाशी. आणि तिघेही घरी सांगतात की पहिली गोळी मीच झाडली.”

“मग खरं कुणाचं?”

“नऊ वर्षं दोन सरकारं त्यावर भांडताहेत. मी कोण सांगणार?”

बाईंनी आवाज खाली आणला. “त्या आधीच्या दोन फॉर्मचं काय केलंत सर?”

“कुठले फॉर्म?” सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढचा गठ्ठा सोडायला घेतला.

बाई जागेवर येऊन बसल्या. पिवळ्या फॉर्मचे त्यांनी बारीक तुकडे केले आणि पर्समध्ये तळाशी कोंबले. पाचव्या प्रश्नापुढे शून्य दिलं. ‘प्रश्नाला धरून नाही’ असा शेरा मारला. पोरीचे चार गुण गेले. फेरतपासणीची सही सरांनी उभ्या उभ्याच केली.

घरी येताना कोपऱ्यावर एक जीप दिसली. बाई चटकन एका बंद दुकानाच्या पायरीवर चढल्या. जीप सरळ निघून गेली, तरी त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या.

यजमान पुढच्या खोलीत शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडून बसले होते. “या, या! आज किती पोरांची वाट लावलीस?”

कुणाला काही सांगायचं नाही, असं बाईंनी रस्ताभर ठरवलं होतं. पण चहाचं आधण ठेवताना त्यांना राहवलं नाही. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “अहो, एका उत्तरपत्रिकेत काय लिहिलं होतं माहितीय? म्हणे, त्या दिवशी पहिली गोळी आपल्याच बाजूने सुटली. कुणीतरी धुक्यात घाबरून झाडली.”

 मागचा स्क्रूड्रायव्हरचा आवाज थांबला. बाईंनी वळून पाहिलं. यजमानांची मान फॅनच्या पात्यांवर वाकलेली होती, हात मांडीवर पडले होते.

मान वर न करता त्यांनी विचारलं, “त्यात माझं नाव लिहिलंय का गं?”