वाफ्यातले पंजे

“काकड्या संपत आल्या? मंग स्वीटीले धाड ना मळ्यात,” मॅनेजर ताराचंद दाराला टेकून म्हणाला.

स्वयंपाकीण सुंदराची सुरी थांबली. “माह्या पोरीले नका धाडू, सायेब. काकडीच्या वाफ्यात वाघाचे पंजे उमटले हायेत. सकाळीच पाह्यले म्या.”

ताराचंद दार सोडून झटकन आत आला. जंगलाला लागून असलेल्या त्या रिसॉर्टमध्ये वाघाचं नाव पाहुण्यांना गोड लागायचं, नोकरांना नाही. “मले नाई जायचं बाप्पा तिकडं,” म्हणत त्याने वनखात्याच्या गार्डला फोन लावला.

सुंदराला हायसं वाटायला हवं होतं. पण गार्ड येतोय म्हटल्यावर तिने धुतलेली वाटी पुन्हा घासून ठेवली.

नागपूरच्या आठ पाहुण्यांना ग्रीक सॅलड हवं होतं आणि स्वयंपाकघरात काकड्या दोनच. तिने त्यांची टोकं कापली, घासून कडूपणा काढला. ते चार बुडखे फेकता फेकता थांबली. उद्याला लागतील म्हणून वाटीखाली झाकून ठेवले. मग टोमॅटो, कांदा, सिमला मिरचीचे मोठे तुकडे केले. बरणीतली ऑलिव्हं घातली. फेटा चीज मिळालं नव्हतं, म्हणून खारवलेलं पनीर. फडक्यात टांगलेलं घरचं दही लसूण, लिंबू, पुदिना घालून घोटायला घेतलं, तर लक्ष वाफ्याकडे असल्याने निम्मं ओट्यावर सांडलं.

धास्ती लेकीची होती. महिनाभर ताराचंद तिला एकटीला मळ्यात धाडायचा आणि मागोमाग स्वतः जायचा. परवा स्वीटी फाटक्या बाहीने परतली. रडली नाही, जेवलीही नाही. बोलायची सोय नव्हती. काम त्याच्या हातात, राहायची खोलीही त्याच्याच हातात.

स्वीटी खिडकीतून पाहत होती. “गार्ड निघाला वाफ्यातून. आनतो मी काकड्या.”

“जाय. आता तुह्या मागं कोनी येत नाई.”

स्वीटी हसली, टोपली उचलून मागच्या दाराने गेली. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती.

तेवढ्यात गार्ड प्रेमदास घाईघाईने आत आला आणि त्याने मोबाइलवरचा फोटो तिच्यासमोर धरला. ओल्या मातीत मोठे पंजे होते.

“हे मोठे पंजे वाटीनं उमटवलेले हायेत, सुंदराबाई,” तो हळूच म्हणाला. “बोटं काकडीच्या बुडख्यांची.”

सुंदराने दह्याचं भांडं बाजूला सारलं.

“भिऊ नका. ताराचंद कसा हाय ते गावाले ठाऊक हाय. मी नाई सांगत कोनाले.”

तिचे डोळे भरून आले. तिने पदराने ते पुसले आणि दह्याचं भांडं पुन्हा जवळ ओढलं.

“पन आज कोनाले तिकडं जाऊ देऊ नका,” प्रेमदासने फोटो मोठा केला. “हे बाजूचे बारके पंजे खरे हायेत, ताजे. पिल्लाचे. आन पिल्लू असन तं माय जवळच असते.”