आधी कोण

ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं, दरबार संपला, आणि सरदार महिपतरावांचं दरबारात बसण्याचं कामही गेलं. तेव्हा त्यांनी दौलतगंजच्या सरदार जगदेवरावांना सोबत घेऊन मुंबईची एक आलिशान मोटरबोट आठवडाभरासाठी भाड्याने ठरवली. नारळीच्या बेटावर जायचं, वाळूत पडायचं आणि झालं गेलं विसरायचं, असा बेत होता. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता.

धक्क्यावर आल्यावर कळलं की बोटीवर चढायची फळी एका वेळी एकाच माणसापुरती आहे.

"या जगदेवराव, माझ्यामागून या," महिपतराव म्हणाले. "दसऱ्याच्या दरबारात माझी खुर्ची तुमच्या पुढे होती."

"दरबार खतम झाला, महिपतराव. आता लोकशाही आहे."

"असेना. लोकशाहीतही माझी खुर्ची पुढेच."

"साहेब, ओहोटी लागतेय," वरून कप्तान म्हणाला. ते कोणी ऐकलंच नाही.

दोघांच्या बायकांना, लीलाताईंना आणि सुधाताईंना, दरबारात कधी खुर्चीच नव्हती. त्यामुळे त्या भाजीच्या टोपल्यांबरोबर मागच्या फळीवरून केव्हाच चढून बसल्या होत्या.

"निघा तुम्ही, कप्तानसाहेब," लीलाताई म्हणाल्या. "यांचं चालू दे."

बोट सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत महिपतराव बघत राहिले. जगदेवराव आधी चढले नाहीत, एवढं समाधान त्यांना पुरेसं होतं.

आठवड्याने बायकांची गाडी ग्वाल्हेर स्टेशनात लागली, तेव्हा दोघेही सरदार हार घेऊन बाहेर आपापल्या टांग्यात बसून होते.


आधी कोण उतरणार, हे अजून ठरायचं होतं.