सरळ रेष

"वाचलंस हे?" सरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "म्हणे आपला तांब्याच्या ऑक्साइडचा स्फटिक गार होताना आतून खचतो! अणूंची चौकटच वाकते आणि इलेक्ट्रॉनांना सोबत ओढते. काहीही!"

गोंदबाई पडद्यावरचा दुसऱ्या गटाचा शोधनिबंध वाचू लागली. हे नाव सरांनीच ठेवलेलं. ती पीएचडी करत असताना तिला हेच दिसलं होतं. गारठत्या स्फटिकातून सोडलेला ध्वनी एका ठिकाणी मंदावायचा, आलेखाची रेष खाली वाकायची. सर म्हणायचे, ध्वनी सोडणाऱ्या यंत्राला स्फटिक नीट चिकटवला नसशील, गोंद आकसतोय. तिने गोंद बदलले, पुन्हा पुन्हा चिकटवलं. रेष वाकायचीच.

"नाचता येईना अंगण वाकडं," सर चारचौघांत हसले होते. गारठलेल्या स्फटिकातून अडथळ्याविना वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांच्या करामतीने, अणू आपले जागच्या जागी, हे सांगण्यात त्यांची हयात गेली होती. शेवटी ते म्हणाले, तेवढ्या तापमानात मोजूच नकोस, अलीकडचे-पलीकडचे बिंदू जोडून टाक. तिने निमूट जोडले आणि पदवी घेतली.

"आपण यांचं खंडन छापू," सर आता म्हणत होते. "तुझा आलेख आहेच की. कशी सरळ रेष! पहिलं नाव तुझं. आणि तुझ्या मुदतवाढीचं मी बघतो."

महिनाअखेर तिची नोकरी संपत होती.

"सर, तिथे मी मोजलंच नव्हतं. तुम्हीच नको म्हणाला होतात."

"मी? असं कसं म्हणेन मी?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. तिला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली.

"बरं, मग आता मोज," सर म्हणाले. "त्यात काय!"

तिने स्फटिक असा चिकटवला, की कुणाला बोट ठेवायला जागा नको. द्रवरूप नायट्रोजन ओतला. पडद्यावर एकेक बिंदू उमटू लागला. ओळखीची जागा आली आणि रेष खाली वाकली.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. शेजारच्या खोलीत सर फोनवर बोलत होते.

"हो, पाठवतोय ना खंडन. ती मोजतेय आत. अहो, सरळच येणार! माझ्या हाताखाली तयार झालीये पोरगी."