केशवरावांचा साहेब

"आज त्यानं एका बाईची भाकर लाथाडली," केशवराव म्हणाले आणि पुढ्यातलं ताट त्यांनी बाजूला सारलं.

मनकर्णाची पोळी तव्यावरच राहिली. "कोणाची?"

"जिजाबाईची. जेवाले पाच मिनिटं जास्त बसली म्हणून. त्या साहेबाचं डोकं ठिकाणावर नाही वं. लेकुरवाळ्या बायाइले काय काय बोलते..."

पुढचे शब्द फुटलेच नाहीत. दोन महिन्यांपासून त्यांचा घसा बसलेला होता. सिमेंटच्या धुळीनं, असं ते म्हणत. जरीपटक्याच्या वस्तीकडे शाळेची तीन मजली इमारत चालली होती. मार्चअखेर पुरी झालीच पाहिजे, असा वरून धोशा होता आणि तिथले ओव्हरसियर केशवराव दिवसेंदिवस झिजत चालले होते. झोप नाही, जेवण नाही. सकाळी बुटाची नाडी हातात धरून अर्धा अर्धा तास खाटेवर बसून राहत. परवा म्हणाले, "एखाद्या दिवशी वरून उडी टाकतो, मनकर्णा."

दुसऱ्याच दिवशी तिनं त्यांना धंतोलीच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, केशवरावांना बाहेर बसवलं आणि तिला सांगितलं, "नुसत्या गोळीनं हे भागायचं नाही, बाई. त्या साहेबापासून यांना दूर करा. नाही तर माणूस हातचा जाईल."

दूर करा! सांगायला डॉक्टरच्या बापाचं काय जातं? नोकऱ्या काय झाडाला लागतात? मनकर्णा रागानं नुसती फणफणत होती. अकरा वर्षांच्या संसारात या माणसाचा चढा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. आणि हा कोण कुठला मेला साहेब त्याला जिवंत सोलतो? वर गरिबाची भाकर लाथाडतो! मनकर्णाच्या आईनं जन्मभर घमेली वाहून तिला सातवीपर्यंत शिकवलं होतं. ती भाकर कशी मिळते, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

सकाळी थंडी मरणाची होती. स्वतः विणलेला हिरवा मफलर तिनं केशवरावांच्या गळ्याला दोन वेढे देऊन गुंडाळला.

"आज त्याच्यासमोर जाऊ नका."

केशवराव हसल्यासारखे झाले. "कसं न जाऊ वं?"

दुपारी कोणाला न सांगता ती रिक्षा करून साइटवर पोहोचली. गिट्टीच्या ढिगाजवळ एक बाई घमेल्यात रेती भरत होती.

"जिजाबाई कोण आहे वं?"

"मीच. काहून?"

"तुमचा साहेब कुठं आहे?"

जिजाबाईनं भेदरून वर पाहिलं. "दुसऱ्या मजल्यावर. पण नोको जाऊ बाई, सकाळपासून पेटून राहिला तो."

"तुमची भाकर त्यानंच लाथाडली ना?"

जिजाबाई खाली मान घालून रेती भरू लागली. मग हळूच म्हणाली, "पहिले नव्हता असा. दिवाळीपासून साऱ्या कामाचा भार याच्यावरच टाकला. वरच्या हापिसातून तारा येतेत, तो राग आमच्यावर काढते."

"भार आमच्या घरी नाही का?" मनकर्णा कडाडली. "आमचे हे काढतेत का कोणावर?"

आणि ती तरातरा जिना चढू लागली.

दुसऱ्या मजल्यावर गिलावा न केलेल्या भिंतीपलीकडून आवाज येत होता. फाटका, चिरकलेला.

"फुकटचा पगार खाता, हरामखोरांनो? याच स्लॅबमंदी गाडीन एकेकाले!"

एक थापी खणखणत भिंतीवर आदळली. भिंतीच्या कडेला एक म्हातारा मिस्त्री दिसत होता. त्यानं हात जोडले होते आणि तो रडत होता.

मनकर्णानं पायातली चप्पल काढली. नोकरी जाते तर जाऊ दे, चार घरची भांडी घाशीन, पण आज याला सोडत नाही.

"ए मुडद्या!" ती ओरडली आणि भिंतीला वळसा घालून चप्पल उगारून पुढं झाली.

साहेब वळला. त्याच्या गळ्यात हिरवा मफलर होता, दोन वेढे दिलेला.