पलीकडचा किनारा

मार्सेयच्या हॉटेलातल्या बाईने पाहण्यासारखे किनारे नकाशावर दाखवले. सुलभाने ते सासऱ्यांना मराठीत सांगितले.

"वारा कुठल्या किनाऱ्याकडे वाहतो, ते विचार," हरेश्वर तांडेल म्हणाले. बारा दिवसांपूर्वी त्यांचा मुलगा, सुलभाचा नवरा जगन, या शहराजवळ जहाजावरून समुद्रात पडला होता. जिवंत सापडेल अशी आशा कुणालाच नव्हती. त्यांना त्याला घरी न्यायचं होतं.

तीन दिवस वारा बघून ते एकेक किनारा निवडत राहिले आणि उन्हात पहुडलेल्या माणसांमधून टोकापर्यंत चालत राहिले.

चौथ्या दिवशी सुलभा वाळूत बसली. "बाबा, आता घरी चला."

गावात कुणी बुडालं, की चौथ्या दिवशी घरच्यांना हेच सांगायला हरेश्वर जायचे. चाळीस वर्षं त्यांनी ते सांगितलं होतं.

"पलीकडचा एकच राहिलाय, पोरी," ते म्हणाले. "तेवढा बघू."