वरची फळी

नमुन्यांचा डबा आज पुन्हा एक फळी वर गेला होता.

दुकानात पाऊल टाकताच थोरल्याला ते दिसलं आणि त्याचं टाळकं सरकलं. कडी-कोयंडे, खिळे, बिजागऱ्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला दाखवायला प्रत्येक जातीचा एकेक नग त्या पत्र्याच्या डब्यात असायचा. डबा हलका, पण मान मोठा. थोरल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, हा वडिलांच्या वेळेपासूनचा कायदा. आणि धाकटा तो खुशाल हलवत होता.

"डबा कुणी हलवला?"

"खाली जागा लागत होती, दादा," धाकटा मान वर न करता म्हणाला.

माळ्यावरून सामान उतरवताना शिडीवरून पडून थोरल्याचा उजवा खांदा मोडला होता. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "सांधा म्हणजे तुमच्या दुकानातली बिजागरी समजा. हलवली नाही तर धरून बसणार." त्यांनी भिंतीवर बोटांनी चढायला लावलं, रोज जरा वर. कळ अशी यायची की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. "भिंतीवर पाल चढते, मी नाही," असं सुनावून थोरल्याने तिकडे जाणंच सोडलं. धाकट्याने समजावलं, विनवण्या केल्या, शेवटी तोंड मिटलं. त्यानंतर डबा वर सरकायला लागला.

कोपऱ्यातली ती फळ्यांची मांडणी अशी, की डावीकडे खांब आडवा. उजवाच हात घालावा लागे. खाली काढून दे म्हणायचं, तर धाकट्यापुढे हात पसरायचा? ते थोरल्याच्या रक्तातच नव्हतं. दात-ओठ खाऊन तो हात वर नेई, डबा ओढून घेई आणि मनातल्या मनात भावाचा उद्धार करी.

राग कमी, दुःख जास्त होतं. ह्याच खांद्यावर बसवून त्याने धाकट्याला शाळेत पोचवलं होतं. तिथेही हा घाबरट त्याचे केस मुठीत घट्ट धरायचा. उंचीची धास्ती तेव्हापासूनची. अंगाने थोरल्यापेक्षा बुटका राहिला, आणि मोठेपणीही स्टुलावर चढला तरी पाय लटपटत. म्हणून दुकानात वरचं सगळं थोरल्याने बघायचं, खालचं धाकट्याने, अशी रीतच पडून गेली होती. आता थोरला वरचं बघू शकत नव्हता. मग त्याची गरज तरी काय उरली? डबा असा हळूहळू हाताबाहेर नेऊन धाकटा तेच सांगत असणार.

त्याने ठरवलं. रोज अपमान गिळण्यापेक्षा एकदाची वाटणी केलेली बरी. गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको, म्हणून दुसऱ्या दिवशी तो दुकान उघडायच्या आधीच निघाला. वाटेत बोलायचं सगळं पाठ केलं.

शटर अर्धं वर होतं. तो वाकून आत शिरला आणि जागीच थांबला.

कोपऱ्यात शिडी लावलेली. शिडीवर धाकटा. डोळे गच्च मिटलेले, एका हाताने शिडीला मिठी, दुसऱ्या हातात नमुन्यांचा डबा. पाय असे थरथरत होते की शिडी खडखडत होती. न बघताच तो सगळ्यात वरची फळी चाचपत होता. डबा फळीच्या कडेला आपटला आणि त्याचा तोल गेला.

थोरला पाठ केलेलं सगळं विसरला. झेप घेऊन त्याने डाव्या हाताने शिडी दाबून धरली आणि उजव्याने धाकट्याचं निसटणारं मनगट पकडलं. डबा खाली पडला. बिजागऱ्या दुकानभर पसरल्या.

"अरे मूर्खा! कुणी सांगितलं होतं चढायला?"

"ही शेवटचीच होती, दादा," डोळे न उघडताच धाकटा म्हणाला. "बाई म्हणाल्या, घाई करायची नाही, एकेक फळीच वर न्यायची. मागच्या फळीपर्यंत तुझा हात आरामात जायला लागला होता, म्हणून..."

धाकट्याने धीर करून एक डोळा उघडला. आपलं मनगट धरलेल्या हाताकडे त्याने पाहिलं. तो हात वरच्या फळीपाशी सरळ ताठ उभा होता.

"दादा! तुझा हात बघ!"

"हात गेला खड्ड्यात," थोरला ओरडला, "तू आधी खाली उतर."