खाडीच्या पुढे

व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सकाळपासून लोक येत होते, दोन मिनिटं खेळून उठत होते. नोकरी सोडून एकटीने हा गेम बनवणारी शर्वाणी टेबलामागे अस्वस्थपणे उभी होती. गेममध्ये बंदूक नव्हती. खाडीतून होडी पलीकडे न्यायची, एवढंच. आज कुणालाच आवडला नाही, तर पुन्हा नोकरी शोधायची, असं तिने ठरवलं होतं.

दुपारी एक काकू खेळायला बसल्या. पलीकडचा काठ टाळून त्यांनी होडी समुद्राकडे वळवली. शर्वाणी कासावीस झाली. त्या बाजूला पडदा नुसता पांढरा होता.

“काकू, तिकडे काही नाही. समुद्र करायचा राहिलाय.”

“मग कर की,” वल्हवणं न थांबवता काकू म्हणाल्या. “मला तिकडेच जायचंय.”

तिथेच खाली बसून शर्वाणीने लॅपटॉप उघडला आणि समुद्र करायला घेतला.